लाकूड बुडेपर्यंत

५ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. एक जानेवारीला सगळेच सुरू करतात आणि दहाला सगळेच सोडतात. मी पाच फेब्रुवारीला सुरू करतोय, यावरूनच कळावं की मी गंभीर आहे.

सकाळी नदीकाठी फिरायला गेलो. (आठवड्यातून पाचदा जायचं ठरलंय. ही पहिली खेप.) तिथे वाळूत लाकूड सापडलं. हातभर लांब, तीन फाटे, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेलं. माशांच्या टाकीत ठेवतात तसलं. बघताक्षणी ठरवलं, हे आपल्या टाकीत जाणार.

टाकी खरं तर लेकीची. दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना तिचा गोल्डफिश माझ्यावर सोपवून गेली. तिने त्याला 'मॅनेजर' नाव ठेवलंय, कारण दिवसभर तोंडाची उघडझाप करतो आणि काम काही करत नाही. गेल्या रविवारी जुनी टाकी गळायला लागली, म्हणून नवी आणली. तोवर मॅनेजर निळ्या बादलीत.

ही म्हणाली, नवी टाकी आलीये तर पाणी भरा आणि सोडा त्याला, माशाला लाकूड कशाला? मी समजावलं की रिकाम्या टाकीत राहणं म्हणजे बिनफर्निचरच्या घरात राहणं. ही म्हणाली, तो बादलीत राहतोय. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

जाताना लेक हसत म्हणाली होती, "बाबा, तुझं एक तरी काम पूर्ण झालेलं बघायचंय मला." हसत म्हणाली, पण माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही. या वेळी दाखवणार.

६ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून येताना टाकीच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, साबण न लावता ब्रशने घासा, दोन-तीन तास उकळा, मग भिजत घाला. पाणी रोज बदलायचं. लाकडाचा रंग पाण्यात उतरतो, तो पूर्ण थांबला आणि लाकूड आपोआप तळाशी बसलं, की तयार. किती दिवस? तो म्हणाला, तीन-चार आठवडे धरा.

तीन-चार आठवडे सामान्य माणसाला लागत असतील. मी दहा दिवस धरलेत.

७ फेब्रुवारी, मंगळवार
घासलं नाही. पाठ.

८ फेब्रुवारी, बुधवार
घासलं. अर्धं. उरलेलं उकळताना आपोआप निघेल.

११ फेब्रुवारी, शनिवार
उकळलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात एकच टोक मावलं. एक टोक तासभर उकळून दुसरं खाली घातलं. तिसरा फाटा राहिला. त्याला वाफ मिळाली असणार. स्वयंपाकघरात ओल्या पोत्याचा वास. पातेलं आतून तपकिरी झालंय. ही नवं पातेलं आणायला गेली.

संध्याकाळी माळ्यावरून लेकीचा लहानपणीचा आंघोळीचा टब काढला. त्यात लाकूड भिजत घातलं. ते तरंगायला लागलं. वर डंबेल ठेवलं. दोन वर्षांपूर्वी व्यायामासाठी घेतलेलं डंबेल कधी ना कधी कामी येईल हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार
पाणी बदललं. कोऱ्या चहाचा रंग. शास्त्रीय पद्धत अवलंबायची ठरवलं: रोजच्या पाण्याचा नमुना ग्लासात घेऊन तारखेची चिठ्ठी लावायची आणि फ्रिजमध्ये ओळीने ठेवायचं. म्हणजे रंग कसा उतरत जातो ते दिसेल.

१३ फेब्रुवारी, सोमवार
मेहुणा आला होता. नमुना क्रमांक एक प्यायला. थंडगार चहा बरा आहे म्हणाला, फक्त साखर कमी. हिने त्याला सांगितलं नाही. मीही नाही. शास्त्रीय पद्धत स्थगित.

पाणी बदललं नाही. पाहुणा आल्यावर कसं बदलणार?

१५ फेब्रुवारी, बुधवार
काल आणि आजही बदललं नाही. ऑफिसात वार्षिक तपासणी, खुर्चीतून उठायला फुरसत नाही. घरी येऊन टबात डोकावलो तर पाणी जवळजवळ स्वच्छ! याचा अर्थ उघड आहे: सारखं पाणी बदलून लाकडाला त्रास द्यायची गरजच नाही. त्याला शांत पडू दिलं की ते स्वतःहून शांत होतं. दुकानदाराला हे सांगायला हवं. हिला सांगितलं. ती पदर खोचून बादली उचलत होती, "हं" म्हणाली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
ही बहिणीकडे गेली, चार दिवसांसाठी. जाताना मॅनेजरचं पाणी एक दिवसाआड बदलायला सांगून गेली. मला सांगायची गरज नव्हती.

१९ फेब्रुवारी, रविवार
लाकूड उलटलं. पाणी पुन्हा गडद तपकिरी, वर तवंग. चार दिवस मी हात लावला नाही, इतकी शांतता दिली, तरी हे. ये रे माझ्या मागल्या. शिवाय डंबेल गंजलंय.

मॅनेजर बादलीच्या तळाशी बसून होता. विचारात असावा. पाणी बदलल्यावर वर आला. ही संध्याकाळी परत आली, आधी बादलीपाशी गेली, मग माझ्याकडे बघितलं. प्रवासाने दमली होती.

फार थकलोय. हे लाकूड मनावर घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. पण मी मागे हटणाऱ्यांतला नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
लेकीचा फोन. रविवारी येतेय. मी म्हटलं, ये, टाकी तयार आहे. म्हणजे रविवारपर्यंत असेल. दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास. लोक त्यात घर बांधतात.

२५ फेब्रुवारी, शनिवार
टाकी लावली. तळाला खडे, वर लाकूड, पंप सुरू. लाकूड तरंगू नये म्हणून नायलॉनच्या दोरीने फरशीच्या तुकड्याला बांधलं आणि तुकडा खड्यांत पुरला. पाणी काचेसारखं. अर्धा तास नुसता बघत बसलो. हिला म्हटलं, उद्या सकाळी मॅनेजरला आत सोड, मला आंघोळ, दाढी उरकायचीय. "हं" म्हणाली.

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी टाकीतलं पाणी चहासारखं. रात्रीतून सगळा रंग उतरला. मी ठरवलं, हा दोष नाही, हा परिणाम आहे. घनदाट जंगलातल्या ओढ्यांचं पाणी असंच असतं.

अकराला लेक आली. बारीक झालीये. पिशवी ठेवली आणि थेट टाकीपुढे. मॅनेजर कुठाय म्हणाली. मी म्हटलं, आहे, लाकडामागे. नव्या घरात लाजतोय. दोघं जमिनीवर मांडी घालून काचेला नाक लावून बसलो. तिने नोकरीचं सांगितलं, खोलीतल्या मैत्रिणीचं सांगितलं, तिथे जेवण कसं असतं ते सांगितलं. मीही ऑफिसचं सांगितलं. ती गेल्यापासून एवढं बोललो नव्हतो. मधूनमधून मी म्हणायचो, तो बघ, शेपटी हलली. तीही म्हणाली, हो, हलली.

अर्ध्या तासाने ही दारात आली आणि म्हणाली, "मासा बादलीत आहे. त्या पाण्यात सोडायला माझं मन नाही झालं."

लेक हसली. खूप हसली. मग उठून बादलीपाशी गेली आणि तिचं हसू थांबलं. मॅनेजरच्या शेपटीच्या कडा झडल्यात. मी एवढं जवळून बघितलं नव्हतं.

"बाबा, महिना झाला तो बादलीत आहे," ती म्हणाली. "मी घेऊन जाते त्याला. तुझी टाकी तयार झाली की परत आणते. नक्की."

तिने पिशवीतून झाकणाचा डबा काढला, झाकणाला भोकं पाडलेली. म्हणजे तिकडून निघतानाच ठरलं होतं. हिनेच फोन करून बोलावलं होतं, हे संध्याकाळी कळलं. टबातलं पाणीही आधी हीच बदलत होती, हेही कळलं. मला वाईट वाटलं. राग यायला हवा होता, तो आला नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार
लाकूड परत टबात. पाणी बदललं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार
बदललं. तिसरा फाटाही उकळला.

५ मार्च, रविवार
रोज बदललं. हिने हात लावला नाही, मीच नको म्हटलं. पाठ दुखते, पण दुखायची ती दुखतेच. पाणी अजून फिकट तपकिरी. डंबेल काढून टाकलं.

१२ मार्च, रविवार
बदललं. फिकट.

१९ मार्च, रविवार
सकाळी टबापाशी गेलो तर लाकूड तळाशी. वर काही ठेवलेलं नाही, दोरी नाही, आपोआप बसलेलं. हिला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, झालं हो तुमचं. अठ्ठावीस वर्षांत असं पहिल्यांदा म्हणाली.

तरी आणखी चार दिवस थांबणार. या वेळी घाई नाही.

२ एप्रिल, रविवार
लाकूड टाकीत घालून दहा दिवस झाले. पाणी नितळ. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येतं. दुकानदाराला घरी आणून दाखवलं. त्याने एकही चूक काढली नाही.

दुपारी लेकीला फोन केला. म्हटलं, तयार आहे. खरंच तयार आहे, आईला विचार. ती म्हणाली, माहितीये, आईने सांगितलं, तिला फार कौतुक वाटलं. मी विचारलं, कधी आणतेस?

"बाबा, तो इथे छान आहे आता. शेपटी भरून आली त्याची. त्याला सवय झालीये इथली," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मलाही."

मी म्हटलं, अरे वा, चांगलंच झालं की.

फोन ठेवल्यावर टाकी रिकामी करावी म्हणून बाह्या सरसावल्या. लाकडाला हात घातला. पाणी पिऊन इतकं जड झालंय की एका हाताने हलत नाही. ही म्हणाली, असू द्या, आज नको. पंप बंद केला आणि चहा घेतला.