घंटा कोणी वाजवायची

११ जाने., रविवार. सकाळी ६.४०.
देवळात झाडू मारत होतो. घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळलेलं, वर सुतळी. गेल्या वैशाखापासून तसंच. सुतळीला हात लावला तेवढ्यात दगडू आबा आले. "सोडू नको रे. गाव मारंल तुला."
म्हटलं, आबा, किती दिवस ठेवायचं असं?
"तुझी आयस गावात हाय तवर." आणि हसले. मी हसलो नाही.

संध्या. लिहूनच ठेवतो, सरळ कोणी सांगत नाही. आमच्याकडे घंटा म्हणजे "या". आग लागली, कोणी विहिरीत पडलं, घंटा वाजली की हातातलं टाकून अख्खं गाव देवळासमोर. वैशाखातल्या त्या संध्याकाळी क्रिकेटच्या सामन्यातल्या भांडणाचा वचपा काढायला दोन टेम्पो भरून माणसं आली. काठ्या, कोयते. आईने बांधावरून पाहिलं, धावत येऊन घंटा वाजवली. गाव बाहेर आलं. रिकाम्या हातांनी, पोरं कडेवर घेऊन, नेमकं टेम्पोंसमोर. तिघे गेले. काशीकाकूचा रमेश त्यातला एक.
मारणारे जामिनावर सुटलेत, मुरबाडच्या बाजारात उभे राहून चहा पितात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. म्हणायचं ते आईला. तेही पाठीमागे.

१४ जाने. संक्रांत.
गावभर हळदीकुंकू. आईला एकाही घरचं बोलावणं नाही. तिने तरी लाडू वळले, ताट ओट्यावर ठेवलं. दिवे लागेपर्यंत तसंच. मग मुंग्या.
आई म्हणाली, "चला, मुंग्या तरी आल्या. सवाष्णी दिसतात."
बाबा उठून गोठ्यात गेले.

१७ जाने., शनि.
कल्याणहून प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थेच्या ताई आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बैठक. ताई म्हणाल्या, जखमेवर हळद भरत बसू नका, स्वच्छ कापड घ्या, दाबा, सोडू नका. जो ओरडतोय त्याच्यात दम आहे, आधी गप्प पडलेल्याकडे जा. हे ऐकून बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी दवाखान्यात नेणाऱ्या पिकअपमध्ये आधी ते चढले ज्यांना चढता येत होतं.
मग ताईंनी विचारलं, पुन्हा कोणी आलं तर काय कराल?
 दगडू आबा : "घंटाच काढा आन् तानशाच्या पाण्यात टाका. वाजायलाच नको."
सरपंच : "आन् आमी काय करायचं? बिळात बसायचं? उंदीर हाव काय आमी?"
मी उठलो. म्हटलं, दोन आवाज हवेत. एक "आत जा"चा, एक "या"चा. कोणी म्हणालं, मग एकच घंटा हळू आणि जोरात वाजवू. म्हटलं, भ्यालेला हात हळू वाजवत नाही. ताईंनी मान हलवली. मागून आवाज आला, "बारावी नापास मास्तर!" खूप हसले. हसोत.
ठरलं : शाळेचा टोला (लोखंडी रुळाचा तुकडा) वाजला की घरात, कडी लावायची, पोरं मागच्या खोलीत, ११२ ला फोन. धोका टळला की घंटा, मग सगळ्यांनी बाहेर यायचं, कोण आहे कोण नाही बघायचं.

२४ जाने., शनि.
चाचणी. फजिती. मी टोला वाजवला आणि शाळेतली सगळी पोरं दप्तरं घेऊन ओरडत बाहेर! टोला म्हणजे सुट्टी, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? तीच शाळा शिकलो मी. गुरुजी पोरांच्या मागे. दगडू आबा पोट धरून हसले. "अरे, त्यापरास डुकराचा डबा वाजव! निदान पोरां घरात तरी घुसतील."
चिडून घरी आलो. जेवताना घास थांबला. आबा थट्टेत म्हणाले, पण खरं आहे. रानडुक्कर शेतातून वस्तीत शिरलं की पत्र्याचा डबा बडवतात आणि बाया न सांगता पोरं आत ओढतात. शिकवायलाच नको.

२५ जाने.
बैठकीत डबा मंजूर. आबांना सांगितलं, कल्पना तुमची. ते भलतेच गंभीर झाले.
मग घंटेवर आलं. मी म्हटलं, ती आईने वाजवायची.
सरपंच : "दुसरं कोणी पण वाजवू दे. तुझी आय सोडून."
म्हटलं, दुसऱ्याने वाजवली तर घंटा सुटेल, आई सुटणार नाही. आवाज चढला माझा. पूर्वी कधी चढला नव्हता. मग हेही बोललो, की आई नसेल तर डबा वाजवायलाही दुसरा माणूस बघा, मी नाही.
काशीकाकू कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "माझा पोर जेवाय बसलेला. अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. तिची घंटा ऐकून."
 मी खाली बसलो.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "कोणी मारायला आलेला बघून काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं का? जे ठावं होतं ते केलं. मला माफी नको. मी वाजवीन."
मग सूप बाजूला ठेवून : "काशीला विचारलंस का रे?"

१ फेब्रु., रवि.
काशीकाकूच्या ओट्यावर गेलो. पाणी दिलं तिने. बस म्हणाली नाही. उभ्यानेच विचारलं. शेंगा फोडत म्हणाली, "डबा वाजला की कडी लावीन. सगळ्यांसारखी. कडी काढायची का ते मी बघीन."
सरपंचांना हे सांगितलं. ते म्हणाले, काशी कडी लावणार असंल तर वाजवू दे तुझ्या आयला. पण पुढचं मी सांगत नाय.

८ फेब्रु., रवि. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर बसून लिहितोय.
आज दुसरी चाचणी, कारखान्यातली पाळी बुडवली. सुपरवायझर काय म्हणायचं ते म्हणो.
डबा बडवला. आवाज चांगला निघाला. पोरं आत, दारं धडाधड लागली. गल्लीत फक्त कोंबड्या. ताई प्रत्येक दार ढकलून बघून आल्या. एकही उघडं नाही. ताई खूश.
आता घंटा.
आई घरातून निघाली. शेतावरचीच साडी. अख्खी गल्ली एकटी चालत आली, दोन्ही बाजूंना बंद दारं. विळ्याने सुतळी कापली, गोणपाट काढून घडी घालून बाजूला ठेवलं. वाजवली.
कोणी बाहेर येत नाही.
ताई आल्या, म्हणाल्या, आता थांबवू या का, सराव झाला. म्हटलं, नाही झाला. अर्धा झालाय. बाबांचा फोन, "घेऊन येऊ का तिला घरी?" नको म्हटलं.
दगडू आबांची कडी वाजली वाटतं. दार मात्र हललेलं नाही.
काशीकाकूचं दार देवळाच्या अगदी समोर. खिडकीची एक फळी उघडी, आत काही दिसत नाही. आई त्या दाराकडे तोंड करून वाजवतेय. थांबली नाही. हात बदलला फक्त.