चूक झाली, पण कोणाकडून

बुधवार, संध्याकाळ. पेण.

माफीच्या मसुद्यातलं 'आम्ही' शेवटी खोडलं. वकील फोनवर म्हणाले, "ताई, वाक्यात कर्ता ठेवू नका. कर्ता आला की आपण सापडलो." म्हणून 'चूक झाली'. सर्दी होते तशी झाली.

दादाच्या कारखान्यातून रोह्याच्या म्हात्रेकाकूंकडे डाव्या सोंडेऐवजी उजव्या सोंडेचा गणपती गेला. उजव्याचं सोवळं कडक, काकूंना ते झेपणारं नाही. त्यांनी फोटो फेसबुकवर टाकला. जाहीर माफी मागा, नाहीतर नोटीस पाठवते म्हणाल्या. आता मूर्ती घरी नेलेले सगळेच तोंडावरचं फडकं सोडून सोंड बघताहेत. ऐन हंगामात दादाचं नाव जाईल, म्हणून माफी मी लिहायची. एम.ए. मराठीला अखेर काम मिळालं.

मसुदा काकूंना फोनवर वाचून दाखवला.

"चूक झाली? कोणाकडून झाली गो? गणपतीकडून?"

"तसं नाय, काकू."

"मग नाव लिव."

त्यांचं बरोबर आहे. पण दादा वकिलांचं ऐकतो. माफीची दिलगिरी झाली, दिलगिरीचा खेद. आता उरलंय 'सोंडेबाबत खेद आहे'. हे मी लिहिलं? आणि ती चूक अजून नुसती 'झाली'च.

गुरुवार, सकाळ. दादा कागद न घेताच डाव्या सोंडेचा गणपती टेम्पोत घालून रोह्याला गेला. दारातच म्हणाला, "काकू, माझं चुकलं." काकूंनी फोटो काढून टाकला. घरी आलेला देव मात्र परत देईनात. दीड दिवस सोवळं नेसून पूजेला दादाने बसायचं ठरलं.