एकोणीस खांबांचा दाखला

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा पुढं ढकललं! लेक राहते त्या शहरातली लाईट मेट्रो सव्वीस जानेवारीला सुरू होणार होती. आता पाडव्याचा मुहूर्त म्हणे. पेपरात चार ओळी — ‘तांत्रिक कारणामुळे.’

ते तांत्रिक कारण म्हणजे आमची अनू. वसमतमध्ये हे फक्त आम्हा नवराबायकोला, मला आणि गंगूला ठाऊक.

मेट्रोच्या एकोणीस खांबांना माथ्याजवळ तडे गेले. नवे कोरे खांब! भेगा भरल्या, पण भरून झाल्यावर प्रत्येक ठिकाणी वजन ठेवून तपासायचं असतं. तपासले दोनच. सतरा तसेच. आणि कंपनी म्हणते, एकोणीसही तपासले अशा दाखल्यावर सही कर. तिथली इंजिनिअर तीच ना! अनू म्हणाली, करणार नाही. वर पत्रही लिहिलं.

सत्तावीस वर्षांची पोरगी. ऐकून ऊर भरून आला माझा. गंगू मात्र म्हणाली, “एवढ्या मोठ्या कंपनीत हिलाच काहून दिसलं?”

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. गंगू शेजारणींबरोबर औंढ्याला गेली. मी घरीच. अनूचा फोन रविवारी सकाळी असतो. आला नाही.

१६ फेब्रुवारी

आला! पण साइटवरून उचलून तिला हापिसात बसवलंय. टेबल आहे, काम नाही. डबा खाताना जवळ कोणी बसत नाही.

“बाबा, माझं चुकलं का?”

“नाही गं.” मग “जेवलीस का?” विचारलं.

तीस वर्षं तहसीलमध्ये आवक-जावक सांभाळली मी. तक्रारीची किती पत्रं या हातानं नोंदवली! पत्राचं काय होतं आणि लिहिणाऱ्याचं काय होतं, दोन्ही पाहिलंय. तिला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

न कळवता विश्वंभर आला. गंगूचा धाकटा भाऊ. त्याच कंपनीला मजूर पुरवतो, अनूला तिथं लावलं ते त्यानंच. चहा होईपर्यंत हळदीचं बोलला — यंदा शिजवायला माणसं मिळत नाहीत वगैरे. मग मुद्द्यावर.

“दाजी, लोक शिव्या देऊन राहिले तिकडं. दोन वर्षं झाली, अर्धा रस्ता पत्रे लावून बंद. परवा अँब्युलन्स अडकली, बाई गेली आतल्या आत. हे पण बघा की.”

“तपासायला किती दिवस लागतात?”

“तीन महिने. पाडवा जातो ना!”

त्यानं आवाज खाली आणला. “खांब उभे राहिले तवाच्या कागदांवर तिच्याच सह्या हायेत. तिच्या पत्रामुळं उद्या चौकशी लागली तर पहिलं नाव कोणाचं? साहेबाचं येत नसतंय, दाजी. भाचीसाठी सांगून राहिलो मी.”

गंगू पदर तोंडाला लावून रडायला लागली. तो जेवून गेला. जाताना पाया पडला माझ्या. माणूस वाईट नाही — तेच अवघड आहे.

२५ फेब्रुवारी

गंगू दिवसभर एकच म्हणते, भाऊ खोटं कशाला सांगेल.

३ मार्च, मंगळवार

अनूला जुन्या सह्यांचं विचारलंच.

“आहेत, बाबा. पण तेव्हा सगळं बराबर होतं. मी स्वतः पाहिलं होतं. तडे नंतर गेले.”

“हे दाखवता येईल कुणाला?”

“माहीत नाही.”

वर पाठवलेल्या पत्राची पोच तेवढी आली म्हणाली. पोच! ती तर मीसुद्धा देत होतो सगळ्यांना.

दुपारी कागद घेऊन बसलो. बाप म्हणून आपणही एक अर्ज करावा. ‘प्रति’ लिहिलं. कोणाला करायचा, तेच कळेना. संध्याकाळपर्यंत कागदावर तेवढंच — ‘प्रति’.

११ मार्च, बुधवार

सकाळी गंगू मोरीजवळ चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, काळजी करू देऊ नका. सांगायला काय जातंय! घरी आल्यावर तिनं माझा हात धरला. “पोरगी जेलात गेलेली मला बघायची न्हाई. तुमचं ऐकते ती. सांगा ना.”

तिच्यासमोरच फोन लावला.

“अनू, सही करून टाक.”

गंगू माझ्या तोंडाकडं बघत होती.

“तुम्ही सांगताय, बाबा?”

“हो. मीच सांगतोय.”

“बरं.”

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. आणि खरं तेच लिहितो — मला हलकं वाटलं! गंगू दोन भाकरी जेवली.

१३ मार्च

पेपरात मोठी बातमी. ‘अडथळे दूर, पाडव्याला धावणार.’ विश्वंभरचा फोन, खुशीत होता. “दाजी, घर सावरलं तुमी.”

पेपर घडी घालून गादीखाली सारला.

१४ मार्च, शनिवार

चुकलो मी. पहाटेच कळलं. कोणी काही सांगितलं नाही, पेपरातही काही नव्हतं. अंथरुणात उठून बसलो आणि डोळ्यांपुढं ते सतरा खांब. गंगू पूजेला बसल्यावर अंगणात जाऊन फोन लावला.

“अनू, नको करू सही. मी घाबरलो होतो गं.”

“दाखला गेला, बाबा. परवाच.”

“परत मागव! लिही त्यांना, दबाव होता म्हणून.”

“मागितला कालच. म्हणाले, आता तो आमच्या हातात नाही.” मग म्हणाली, “तुम्ही त्रास करून घेऊ नका. सही माझी आहे.”

बाहेर पोत्यांचे ट्रॅक्टर मोंढ्याकडं चालले होते. गंगूची घंटी थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

१८ मार्च, बुधवार

अनूचा फोन. उद्या पाडवा, दुपारी मेट्रो सुरू. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “लोकांना माझ्या सहीवर बसवतात ना, बाबा. मग पहिल्या गाडीत मी बसणार आहे. रोजच बसणार. आईला सांगू नका.”