एका माणसाचं धरणं

मुलचेरा, कचेरीसमोरचा मांडव

आदरणीय दिनेशभाऊ यांस पवनचा जय सेवा.

वहिनीची कंबर कशी आहे? तुमची खाणीतली रातपाळी सुटली का? मी बरा आहे, आवाज तेवढा बसला आहे.

कारण असं, की आपल्या गावाची बस बंद झाली आणि मी डोकं तापवून धरण्यावर बसलो. राज्यघटनेच्या कलम एकोणीसनं बोलायचा आणि शांततेनं, हत्याराविना जमायचा हक्क दिला आहे (आमचं राज्यशास्त्र हक्कांपर्यंतच आलं होतं, कर्तव्यांच्या धड्याआधी मी कॉलेज सोडलं, तुम्हाला माहीतच आहे). ग्रामसभेत एकजात सगळ्यांनी हात वर केले. माझं चुकलं एवढंच, की तारीख धरली ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामातली. पहाटेपासून सारं गाव जंगलात, पानं तोडायला. आई म्हणे, "हक्क वाळत नाई बाबू, पान वाळते. पानं झाले का येऊ."

तर मांडवात मी आणि बंदोबस्ताचे शिपाई राजदीपभाऊ. घोषणा झाल्या असं त्यांना वर कळवावं लागते. म्हणून मी ओरडतो, "गावाची बस सुरू", आणि मग मीच बारीक आवाजात म्हणतो, "झालीच पाहिजे." एकदा संतापून म्हटलं, मले अटक करा. ते म्हणाले, "बेकायदेशीर जमावाले पाच जन लागते. तू चार कमी हायेस. पानी पी." भाऊ, घटनेनं बोलायचा हक्क दिला, पण ऐकायला बसायचं बंधन कोणावरच घातलं नाही.

काल रंजीता आली (गुणवंतरावांची, कॉलेजात माझ्या वर्गात होती, बस बंद झाल्यापासून इथंच वसतिगृहात राहते). म्हणाली, "काऊन ओरडून राह्यला? कॉलेज तं सोडलं तुनं. बस कोनासाठी पायजे?"

म्हटलं, तुझ्यासाठी. शनिवारी घरी येता येईल.

"बस नाई म्हनून मी येत नाई, असं कोनं सांगतलं तुले?" एवढं बोलून माझ्याच माठातलं पाणी प्यायली आणि गेली. राजदीपभाऊ तेवढा वेळ रस्त्याकडं पाहत होते. माणूस चांगला आहे.

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
पवन

ता.क. – सांगायचं राहिलं. मागणी मंजूर झाली, सोमवारपासून बस सुरू. राजदीपभाऊ म्हणतात, आता मांडव काढ.

आणखी ता.क. – तुमच्या घुग्घुसकडं धुळीची, रस्त्याची, कशाचीही मागणी अडली असेल तर सोमवारच्या आत कळवा. मी इथूनच बसतो. मांडवातून वसतिगृहाचं फाटक दिसते.