मागच्या दोन खोल्या आणि हिमेनाची पदवी

मी, वासंती मुरलीधर करंबेळकर, वय अडुसष्ट, राहणार टूवूंबा, क्वीन्सलँड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, जीव थाऱ्यावर नाही. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. वकिलांनी इंग्रजी प्रत केली आहे, तरी आपल्या भाषेत लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

१. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. दागिने सून शिवांगीला, बचत मुलगा यतिन याला.

२. घर यतिनच्या नावे व्हावे. मात्र मागच्या दोन खोल्या लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी, पदवी हातात पडेपर्यंत, बिनभाड्याने राहतील.

यतिन, केलीव्हिलहून तू फोनवर म्हणालास, "आई, होस्टेल काढलंयस का? आणि आपलीच मुलं का नाहीत?" मी चिडून फोन ठेवला. उत्तर आता देते. तू युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेलास तेव्हा एखादा विषय राहिला तर कोणाला भेटायचं, हे सांगायला बाबा होते, मराठी मंडळातले काका होते. हिमेनाला कोणी नव्हतं.

हिमेना ओसोरियो लहानपणी आईवडिलांबरोबर कोलंबियाहून आली. तिच्या घरातून युनिला गेलेली ती पहिलीच. नर्सिंग शिकते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते तेव्हा प्रॅक्टिकलला यायची. दुसऱ्या वर्षी मांसाच्या कारखान्यात तिच्या वडिलांचा हात यंत्रात सापडला आणि तिने नाव काढून घ्यायचं ठरवलं. युनितल्या सल्लागाराने अडवलंसुद्धा नाही. म्हणाला, "सगळ्यांनाच झेपतं असं नाही."

मला घरात बसवेना. गाडी काढून तिच्याकडे गेले. तिच्या आईला इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश. हिमेना मध्ये बसली.

"आई म्हणते, घराला आत्ता माझी गरज आहे."

"सांग, शनिवार-रविवार काम करून घरी पैसे देशील. बाकी दिवस माझ्याकडे राहून शिकशील. पदवी झाली की घराला तुझा खरा आधार होईल."

"आंटी, तिला हे असं नाही सांगता येणार."

"मग तुला जसं सांगता येईल तसं सांग."

ती काय बोलली ते मला कळलं नाही. बोलता बोलता रडायला लागली. मग तिची आई उठली आणि मुलीचे कपडे बॅगेत भरू लागली.

३. माझी गाडी हिमेनाला. तिची प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रॅक्टिकल, लांबच्या गावी असते, तिथे बस जात नाही. क्लच जोरात दाबावा लागतो.

४. सदर सल्लागारास काहीही देऊ नये. फक्त पदवीदानाचा फोटो पाठवावा. मोठा, फ्रेम करून.

५. सही बाकी आहे. सरिता आणि हृषिकेश बाहेर चहा घेत थांबलेत. मघाशी हिमेनाच पेन घेऊन बसली होती. "साक्षीदार हवाय ना? मी करते, नो वरीज."

"ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

तिने पेन खाली ठेवलं. "मला काही नको. सोमवारी मी हॉस्पिटलला येणार."

"मंगळवारी शेवटचा पेपर आहे."

"येणार म्हणजे येणार!"

दार आपटून गेली. आता तिच्या खोलीतून आवाज येतोय. हृदयाच्या झडपांची नावं पाठ करतेय. एक चुकते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून म्हणते. तिची चारही बरोबर येईपर्यंत ऐकते आणि मग सही करते.

वासंती मु. करंबेळकर

आम्हां दोघांच्या समक्ष सही केली:
सरिता बापट, शेजारीण
हृषिकेश लोंढे, लॅबमधील जुने सहकारी

टूवूंबा, ३१ ऑक्टोबर २०२५