शेवटची पाटी

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आज ठाण्याला, नौपाड्यात, कॉलेजांच्या लघुपट स्पर्धेत परीक्षक होते. सायली नावाच्या मुलीच्या फिल्ममध्ये एक बाई रिकाम्या खुर्चीसमोर चहाचा पेला ठेवते. दृश्य सरळ एका जुन्या सिनेमातलं. शिवाय पेला मध्येच उजव्या हातातून डाव्या हातात गेलेला. मी शेरा लिहिला: उचलेगिरी.

सहपरीक्षक देवधर सर म्हणाले, "अहो, मानवंदना म्हणा की!"

"मग मूळ सिनेमाचं नाव द्यायला हवं," मी म्हटलं. किती ठामपणे म्हटलं!

निघताना सायलीने जिन्यात गाठलं. "मॅडम, ओळखलंत ना? तुम्ही कॉलेजात असताना केलेल्या फिल्मवरून केलंय. आमच्या सरांनी वर्गात दाखवलेली. तो पेला एकदम डाव्या हातात येतो, ते कसलं भारी आहे! मीपण तस्संच घेतलं."

भारी कसलं? चूक होती ती. शूटिंग दोन दिवस चाललं आणि दुसऱ्या दिवशी हात लक्षात राहिला नाही. जुन्या सिनेमात पेला उजव्याच हातात आहे. तिथूनच मी दृश्य घेतलं होतं, कुठे नाव न देता. त्यावर बक्षीसही घेतलं.

घरी येऊन तिची फिल्म पुन्हा लावली. शेवटच्या पाटीवर लिहिलंय, 'पेल्याच्या दृश्यासाठी आभार', आणि खाली माझं नाव. दुपारी ही पाटी आली तेव्हा मी मान खाली घालून शेरा लिहीत होते.

निकाल उद्या आहे. देवधर सरांना फोन करून शेरा खोडायला सांगितलं.

"का हो, काय झालं?"

"तिने शेवटी नाव दिलंय, सर."

कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.