धुक्याचे फोटो आणि एक रिकामा खिळा

होबार्ट
१४ मार्च १९९३

चि. रॉस यास,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. साठाव्या वाढदिवसाला धाकट्या भावाने स्वतः काढलेला फोटो पाठवावा, चौकट करून, काच लावून, यात सगळं आलं. दिवाणखान्यात लावला आहे. शेजारच्या मर्लबाई दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, काचेला आतून वाफ कशी धरली. मी सांगितलं, वाफ नाही, कला आहे. माझा भाऊ सतरा वर्षं दर रविवारी घाटात जाऊन धुकं टिपतो. मग पोटापाण्याचं काय, असं त्यांनी काळजीने विचारलं. शाळेचे वर्गफोटो, लग्नं आणि पासपोर्ट, असं म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पण खरं सांग, रॉस, या फोटोत आहे काय? डावीकडे कुंपणाचा एक खांब दिसतो. बाकीचं तू स्वतःकडे ठेवून घेतलेलं दिसतंय.

आता कामाचं. टॅम्सिनला ऑगस्टचा दुसरा आठवडा दिला आहे. माझी एकुलती एक लेक तुझ्या गावात संसार मांडून बसली, तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण तिथे दवाखाना होता. त्यातला बाळंतिणींचा वॉर्ड तुमच्या त्या आरोग्य मंडळाने दीड वर्षापूर्वी बंद केला. आता बाळंतपणाला घाट ओलांडून ऐंशी किलोमीटर जायचं, तेही आपल्या ऑगस्टच्या ऐन हिवाळ्यात, तुझ्या लाडक्या धुक्यातून. मी तिला लिहिलं, जुलैतच माझ्याकडे ये. ती म्हणते, गाई त्याच सुमारास वितात, नवरा एकटा कुठे पुरा पडेल. म्हणजे गाईंची बाळंतपणं घरच्या घरी आणि हिचं रस्त्यावर. तू मामा आहेस, तिला समजाव.

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर पुढच्या फोटोत काहीतरी दिसू दे.

तुझी,
ग्लेनिसताई


टॅलो क्रीक
२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टॅम्सिनला समजावलं. तिने मला गरम स्कोन आणि ब्लॅकबेरीचा जॅम दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मामा, आईचा निरोप तू पोचवलास, आता माझा पोचव: मी येत नाही. पोट टेबलाला टेकतंय, पण हट्ट जागच्या जागी आहे. कोणावर गेली आहे ते मी लिहीत नाही. पत्र तूच वाचणार आहेस.

इथली बातमी अशी, की गावच्या वाचनालयात मी माझे एकवीस धुक्याचे फोटो लावले. पहिला आठवडा लोक पुस्तकं बदलून माझ्याकडे पाठ करून गेले. अभिप्रायाच्या वहीत एकच ओळ आली: "चष्मा घरी विसरले, पण काही बिघडलं नाही." मग गुरुवारी बेकरीतली कार्लीन आली, काखेत तिची रूबी. तुझ्याकडे आहे त्याच फोटोसमोर उभी राहिली. मला वाटलं, चला, एक तरी रसिक निघाला. तर म्हणते, रॉस, ही इथे झाली.

मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. गेल्या ऑगस्टमध्ये दवाखाना गाठता गाठता धुक्यात गाडी अडकली आणि ती त्याच खांबाला धरून उभी होती. म्हणाली, वरची तार सैल आहे बघ, ती माझ्यामुळे.

शनिवारपर्यंत आणखी पाच जणी येऊन गेल्या. घराचे नंबर शोधत जावं तशा भिंतीच्या कडेने चालत होत्या आणि आपापली जागा आली की थांबत होत्या. कोणाचं वाकडं झाड, कोणाची रस्त्याखालची मोरी, कोणाचा खडीचा ढीग. सहा मुलं, ताई, एका घाटात. या धुक्यात काहीतरी आहे असं मी सतरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. काय आहे ते मलाच माहीत नव्हतं.

आता ठरवलं आहे. एकेकीचा फोटो तिच्या तिच्या जागी, मुलासकट, धुक्यातच.

लोभ असावा, रागावलीस तरी लोभ वेगळ्या खात्यात ठेव.

तुझा,
रॉस


होबार्ट
१९ मे

चि. रॉसला,
अ. आ.

भिंग घेऊन पाहिलं. तार सैल आहे.

मर्लबाईंना दाखवली. त्यांना आता हा फोटो फार आवडतो आणि येईल त्याला त्या मधल्या खोलीतून हाक मारून दाखवतात. मला मात्र आवडेनासा झाला आहे. सकाळी चहा घेताना समोर तोच येतो आणि त्या खांबाला मला कार्लीन दिसत नाही, माझी पोर दिसते. काल तो काढून कपाटात ठेवला. मग कपाटाकडे बघत चहा घेतला.

तिला पुन्हा समजाव. तुझी कला होऊ दे, पण तिला तेवढी कलेपासून लांब ठेव.

ग्लेनिसताई


टॅलो क्रीक
२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहाही बायकांचे फोटो झाले. धुकं बोलावलं की येत नाही, हे या महिन्यात मला नव्याने कळलं. एरवी गावाचा पिच्छा न सोडणारं धुकं आम्ही सहा बाळं, चार थर्मास आणि एक कॅमेरा घेऊन निघालो की गायब. दोनदा लख्ख उन्हात डबे खाऊन परत आलो. तिसऱ्यांदा असं काही उतरलं की जोआन मोरीवर जाऊन बसली आणि मला तिचा फक्त आवाज दिसत होता. ती ओरडून विचारत होती, हसू का गंभीर राहू? मी म्हटलं, त्या दिवशी केलं होतंस तसं कर. ती म्हणाली, तसं केलं तर पोलीस येतील.

सातवा फोटो डार्सीचा आहे. डार्सी घाटातून ओंडक्यांचा ट्रक चालवतो. दोन बाळंतपणांच्या वेळी त्याने ट्रक आडवा लावून, सगळे दिवे पेटवून रस्ता बंद केला होता. तेव्हापासून सीटमागे सहा धुतलेले टॉवेल ठेवतो; बायको दर सोमवारी इस्त्री करून देते. फोटोला तयारच होईना. म्हणाला, मी काय केलं, रस्ता अडवला, तो तर मी रोजच अडवतो. शेवटी टॉवेलांची चळत हातात घेऊन उभा राहिला, बक्षीस मिळाल्यासारखा.

प्रदर्शन त्या बंद वॉर्डातच लावायचं आहे. किल्ली उनाबाईंकडे असते. सव्वीस वर्षं या गावची बाळंतपणं केलेली बाई, आता मंडळाने टेबलाशी बसवून बँडेज वाटायला लावली आहे. सतरा जुलै, सकाळी दहा, अशी वेळ त्यांनीच मुहूर्त काढावा तशी काढली आणि मंडळाच्या पॉमरॉयसाहेबांना उद्घाटनाला बोलावलं. हे साहेब अडीच वर्षांपूर्वी जानेवारीत आले होते, भर उन्हाळ्यात, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. पंचावन्न मिनिटांत घाट ओलांडला आणि अहवालात पंचावन्न मिनिटं असं लिहून वॉर्ड बंद केला.

तुझ्यापासून लपवत नाही: फोटो सात आहेत आणि उनाबाईंनी खिळे आठ ठोकलेत. आठवा कोणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. टॅम्सिन खुर्च्या मोजायला आली होती, तिने पाहिला.

लोभाची गरज आज नेहमीपेक्षा जास्त आहे.

रॉस


होबार्ट
२८ जून

रॉस,

तो खिळा उपट.

माझी लेक भिंतीवर, धुक्यात, टॉवेल घेतलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी लटकलेली मला बघायची नाही. उनाबाईंना माझा नमस्कार सांग आणि मग उपट.

ग्लेनिस


टॅलो क्रीक
२९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिळा उपटला नाही. हातोडी उनाबाईंकडे आहे आणि उनाबाईंसमोर माझं काही चालत नाही. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

सतरा तारखेला सकाळी खिडकीतून कुंपण दिसेना. उनाबाई गाणं गुणगुणत चहाचं पातेलं घासत होत्या. दहा वाजले, अकरा वाजले. गाव जमलं, स्कोन संपले. सव्वा वाजता पॉमरॉयसाहेब आले, बूट चिखलाने भरलेले. डार्सीच्या ट्रकमागे दोन तास अडकले होते. डार्सी शपथेवर सांगतो की धुक्यामुळे.

त्यांच्या वाट्याला अंड्याचं एक सँडविच उरलं होतं. ते हातात घेऊन फोटो बघत निघाले आणि चौथ्यापाशी थांबले. म्हणाले, ही मोरी मला माहीत आहे, सकाळी मी इथेच होतो, दोन तास. फोटोतली जोआन शेजारीच उभी होती, पोर कडेवर. ती म्हणाली, मग थंडी वाजली असेल तुम्हाला. साहेब फोटोकडे बघतात, जोआनकडे बघतात, पोराकडे बघतात. मग हळूच विचारलं, तुम्हाला किती वेळ लागला होता? जोआन म्हणाली, मला चाळीसच मिनिटं, दुसरं होतं ना.

पुढे रिकामा खिळा आला. हा कोणाचा, असं त्यांनी विचारलं. टॅम्सिनने हात वर केला. म्हणाली, माझा, पण काय लावायचं ते अजून ठरलं नाही, तुमच्यावर आहे.

ताई, साहेबांनी हातातलं सँडविच तसंच खुर्चीवर ठेवलं आणि त्या खिळ्याला बोट लावून पाहिलं.

सोमवारच्या पेपरात साहेबांचा त्या मोरीच्या फोटोसमोरचा फोटो आला, बुटांसकट. पेपरातल्या पोरीने काढला होता. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. काल मंडळाचं पत्र आलं. एक ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेर वॉर्ड "प्रायोगिक तत्त्वावर" उघडा राहील. प्रयोग कोणावर ते लिहिलेलं नाही. उनाबाई चादरी उन्हात घालायच्या तयारीत आहेत, उन्हाचाच पत्ता नाही.

तेव्हा आता तूच ये. मोकळी खोली माझ्याकडेही आहे. लोभ घेऊनच ये, इथे थंडी फार आहे.

तुझा,
रॉस


होबार्ट
१२ सप्टेंबर

चि. रॉस यास,
अ. उ. आ.

घरी पोचून आठवडा झाला. अंगाला अजून वासरांच्या दुधाचा वास येतो. तीन आठवड्यांत मी एकतीस वासरांना बाटलीने पाजलं, हे मर्लबाईंना खरं वाटत नाही. नातबाई आयव्ही एकोणिसाव्या दिवशी माझ्याकडे बघून हसली, हे तर कोणालाच खरं वाटत नाही. टॅम्सिन म्हणते, पोटातला वारा होता. तिच्या वेळी आपल्या आईला मी हेच म्हटलं होतं.

काल तुझं फोटोचं पाकीट आलं. सोबत चिठ्ठी लिहिली आहेस, की उजेड सपाट आहे, रचना काही नाही, माफ कर. अकरा ऑगस्ट, सकाळचे अकरा, बाहेर असं ऊन की घाटाचा पलीकडचा कडा दिसत होता. अशा दिवशी तुमचे पॉमरॉयसुद्धा पंचावन्न मिनिटांत आले असते. आणि आत वॉर्डाची ट्यूबलाइट, हिरवा पडदा, भिंतीवरचं घड्याळ, किटली, एका कडेला उनाबाईंचं कोपर. मधोमध टॅम्सिन, केस कपाळाला चिकटलेले, आणि टॉवेलातलं ते लाल, चिडलेलं तोंड. टॉवेल डार्सीचा आहे. इस्त्रीची घडी ओळखली.

कपाटातला फोटो बाहेर काढला. आता दोन्ही शेजारी शेजारी लावले आहेत. मर्लबाई आल्या, धुक्याच्या फोटोची तार नेहमीप्रमाणे तपासली आणि नव्याकडे वळल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, हा अगदीच साधा आहे, नाही का? मी म्हटलं, हो, सतरा वर्षांनी जमला त्याला.

लोभ होता तेवढाच आहे. आणखी वाढवला तर ठेवायचा कुठे, हा प्रश्न आहे.

तुझी,
ग्लेनिसताई

ता. क. टॅम्सिन कळवते की आठव्या खिळ्यावर हाच फोटो लागला आणि मंडळाची मुदत ऑक्टोबरचीच आहे. पण उनाबाईंनी त्याच ओळीत आणखी बारा खिळे ठोकलेत. मी त्यांना नवी हातोडी पाठवते आहे.